झाडे सरांचा विलायती कापूस

झाडे सरांच्या रंगांच्या डब्यात पांढरा रंग नसायचा. शाळेत पोस्टर कलरची नवी पेटी आली, की त्यातली पांढऱ्याची बाटली ते आधी बाहेर काढत आणि स्टाफरूमच्या खिडकीत ठेवून देत. वर्षाअखेरीला खिडकीत बाटल्यांची रांग लागायची. मग आमचा शिपाई ती रांग घरी नेऊन फाटकाला, तुळशीवृंदावनाला, सापडेल त्याला फासायचा. सरांना त्याचं काही वाटत नसे. "पांढऱ्याले पांढरा लावनं म्हंजे आळस," एवढं म्हणून ते मोकळे व्हायचे.

हिंगणघाटच्या आमच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवत आणि मी भूगोल. बावीस वर्षं आम्ही स्टाफरूमच्या एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसलो. माणूस किडकिडीत, उंच, मूळचे नाचणगावचे. बोलणं शेवटपर्यंत तिथलंच राहिलं. शिक्षणाधिकारी समोर असो की पाचवीतलं पोर, सर दोघांशीही एकाच भाषेत बोलायचे. शर्टाच्या खिशाला नेहमी निळा डाग असायचा. ब्रश खिशात घालायची खोड होती. सुमनताई, म्हणजे त्यांची बायको, डाग धुऊन धुऊन थकल्या आणि शेवटी त्यांनी निळ्याच कापडाचे शर्ट शिवून घेतले.

त्यांचा आठवीचा तास एकदा मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून पाहिला होता. कडुलिंबाच्या फांदीला त्यांनी एक धुतलेला पांढरा रुमाल बांधला होता आणि मुलांना उन्हात बसवून विचारत होते, "रंग सांगा याचे." मुलं म्हणाली, पांढरा. "अजून पाहा." पुन्हा पांढरा. "अजून पाहा, घंटा वाजत परेंत पाहा, मले कुठी जायाचं नाई." वीस मिनिटं ते शांत उभे राहिले. मुलं चुळबुळली, हसली, एकमेकांना चिमटे काढून झाले. मग मागच्या रांगेतली एक मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, घडीमध्ये जांभळा दिसून राह्यला." सर तिच्याजवळ गेले आणि मोठ्या माणसाशी करावं तसं त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. मी इकडे वाऱ्यांचे प्रकार फळ्यावर लिहीत होते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या रुमालाकडे पाहत होती, म्हणून मला रागच आला होता.

या पांढऱ्यापायी त्यांनी एकदा शाळेलाही अडचणीत आणलं. शाळेला खोल्या बांधून देणाऱ्या एका शेठजींचं चित्र काढायचं काम मुख्याध्यापकांनी त्यांना दिलं. शेठजी कायम पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यात. सरांनी चेहरा हुबेहूब उतरवला, पण सदऱ्यावर हिरवट, निळसर, गुलाबी अशा छटा दिल्या. समारंभात पडदा बाजूला झाला तेव्हा शेठजी बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "मी काय होळी खेळून आलो होतो का?" सभा हसली. सर मात्र पुढे होऊन शेठजींना समजावू लागले, की तुम्ही निंबाखाली बसलात म्हणून पानांचा हिरवा तुमच्या बाहीवर आला, त्यात माझा दोष नाही. शेठजींनी मान डोलावली. ते चित्र पुढे प्रयोगशाळेच्या कपाटामागे गेलं.

हे सगळं ते एका कॅलेंडरवरून शिकले होते. तरुणपणी ते एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसले असताना भिंतीवर औषध कंपनीचं विदेशी कॅलेंडर होतं. वर्ष सरल्यावर डॉक्टरांनी ते त्यांना देऊन टाकलं. सरांनी तारखांचा भाग कापला, चित्र फ्रेम करून घेतलं आणि नोकरी लागल्यावर ते स्टाफरूममध्ये आपल्या डोक्यावर टांगलं. चित्रात दोन मोठ्या गंज्या होत्या, वरून निमुळत्या, शेंड्यापासून पायथ्यापर्यंत पांढऱ्या, आणि आजूबाजूची जमीनही पांढरी. पांढऱ्या म्हणायचं आपलं. जवळ गेलं की गुलाबी, निळा, फिकट नारिंगी, सावलीत जांभळा. खाली परक्या भाषेत बारीक अक्षरांची एक ओळ होती, ती फ्रेमच्या पट्टीखाली गेली. चित्रकार कोण, एवढं सरांना ठाऊक होतं. फ्रान्समधला एक दाढीवाला म्हातारा, जो एकच गोष्ट सकाळी, दुपारी, संध्याकाळी पुन्हा पुन्हा रंगवायचा. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना पुस्तकात इंप्रेशनिस्ट म्हणतात. सर त्यांना 'उजेडवाले' म्हणत.

"हे काय आहे सांगा मॅडम," नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं.

"गंज्या दिसतात कसल्या तरी."

"कसल्या तरी नाई. कापसाच्या. अन् कापूस कोनचा? आपला. हिंगनघाटचा."

मी भूगोलाची. फ्रान्समध्ये कापूस होत नाही, काळी माती नाही, तेवढं ऊन नाही, हे मी त्यांना सांगितलं. सर या उत्तराची वाटच पाहत होते. "होत नाई ना? मंग आला कुठून? इथून गेलता. त्या काळात आपल्या गावाचा माल बोटीनं विलायतले जात होता, हे तुमीच सातवीले शिकवता. गिरनीवाल्यानं आनून टाकला असंल मैदानात, अन् हा बुडा बसला समोर रंग घेऊन." शाळेच्या वाचनालयात त्या चित्रकारावर चार ओळी सापडल्या, त्यात लिहिलं होतं की त्याने गवताच्या गंज्या पुष्कळ रंगवल्या. मी ते पुस्तक घेऊन गेले. सर म्हणाले, "बरोबर आहे. उन्हाळ्यात गवताच्या, हिवाळ्यात कापसाच्या. हिवाळ्यात गावात दुसरं पांढरं काय असते?"

हिंगणघाटात बसून या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी इतकी वर्षं हिमरेषा, हिमनदी, हिमवृष्टी शिकवली. ते चित्र रोज डोळ्यांसमोर होतं आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही, की हा बर्फ असू शकेल. याची लाज मला आजही वाटते. पण खरं सांगायचं तर मलाही तो कापूसच दिसायचा. आमच्याकडे गंजी म्हटली की दिवाळीनंतर जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात उभी राहणारी कापसाची गंजीच डोळ्यांसमोर येते.

त्या गंज्या सर दर हिवाळ्यात रंगवत. पहाटेचं धुकं सरताना एकदा, दुपारी एकदा आणि ऊन उतरताना एकदा. गावातल्या एका जिनिंगचे मालक त्यांना आवारात बसू देत. आगीच्या भीतीने फाटकावरचा चौकीदार आत जाणाऱ्याच्या खिशात काडेपेटी आहे का ते तपासायचा. सरांचे खिसे त्याने तीस वर्षं रोज तपासले आणि सरांनी रोज हात वर करून तपासू दिले. एकदा त्यांनी मलाही नेलं. चार-साडेचारची वेळ होती, यंत्रांचा आवाज, हवेत सगळीकडे बारीक तंतू, नाकातोंडात जाणारे. सर बूड पुरतं न टेकवता स्टुलावर अर्धवट बसले होते आणि बोट दाखवत होते, "तो पाहा गुलाबी आला. पाहा, पाहा, चालला. गेला." मला काही गुलाबी दिसला नाही. मी "हो हो" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोटं नका बोलू मॅडम. नाई दिसला तं नाई म्हना, उद्या दिसंल."

या फुफाट्यात इतके हिवाळे काढल्यावर छातीचं दुखणं न होतं तरच नवल. निवृत्तीनंतर त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी जिनिंगमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. सर तोंडाला उपरणं बांधून जायला लागले.

मीही निवृत्त झाले आणि मृणालकडे, माझ्या मुलीकडे, तीन महिन्यांसाठी अमेरिकेला निघाले. निरोप घ्यायला गेले तर सरांनी ती फ्रेम समोर मांडून ठेवली होती. शाळा सोडताना ती त्यांनी घरी आणली होती. म्हणाले, "तिकडच्या मोठ्या शहरात उजेडवाल्यांची चित्रं आहेत म्हन्तात. आपला कापूस दिसला तं पाहून येजा. आधी दुरून पाहाजा. मंग इतकं जवळून का वॉचमन ओरडला पाह्यजे. अन् मले सांगजा, सावलीतला जांभळा खरा किती आहे. कॅलेंडरवाले रंग बिघडवतात." पासपोर्ट, व्हिसा यांतलं काही त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं आणि त्याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. पण त्या दिवशी ते मला फाटकाच्या पुढे, पार रस्त्याच्या वळणापर्यंत सोडायला आले, दोनदा थांबून दम घेत.

मृणाल मला दोन दिवसांसाठी एका मोठ्या शहरात घेऊन गेली. तिथल्या संग्रहालयात कोट जमा करून आम्ही दालनं पालथी घालत होतो. नाचणाऱ्या मुली, तळ्यातली कमळं, रेल्वे स्टेशनातला धूर. एका दालनात एका बाईचे दोन्ही डोळे एकाच बाजूला काढलेले होते, तिथे मृणाल फार हसली. माझे पाय दुखायला लागले होते. आणि एका खोलीत वळले तर समोरच्या भिंतीवर सरांची फ्रेम होती. म्हणजे तेच चित्र, फक्त खरं. परक्या देशात आपल्या गावचा माणूस भेटावा तसं झालं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मृणालला मोठ्याने हाक मारली, "मृणाल, इकडे ये, हे बघ, आपलं हिंगणघाट!" लोक वळून पाहायला लागले. माझे डोळे भरून आले होते.

मृणाल आली, चित्राशेजारची पाटी वाचली आणि म्हणाली, "आई, हिंगणघाट काय! गवताच्या गंज्या आहेत या. बर्फ पडलेला आहे त्यांच्यावर. लिहिलंय ना इथे, बर्फ म्हणून."

मी तिला सरांची सगळी गोष्ट सांगितली. ती आमच्याच शाळेत शिकलेली, सरांच्या वर्गात तीन वर्षं बसलेली. तिला ते चित्र आठवत नव्हतं. पण कापूस ऐकून ती इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. बाहेर खरोखरचा बर्फ पडत होता, खिडकीच्या कडेवर साचत होता, आणि आम्ही मायलेकी बाकावर बसून डोळे पुसत हसत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिकडे हिंगणघाटात सकाळ असताना, मी सरांना फोन लावला. मधे अख्खा दिवस गेला होता. विचार करायला वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही. बावीस वर्षं आम्ही एकमेकांची थट्टाच करत आलो होतो, त्याच सुरात मी म्हटलं, "सर, एक गंमत झाली! तुमचा कापूस सापडला. पण तो कापूस नाहीच हो. बर्फ आहे, बर्फ!" आणि हसले. तेही हसले, पण थोडं उशिरा.

"बर्फ?"

"हो. गवताच्या गंज्यांवर पडलेला. पाटीच लावलीय तशी."

मग म्हणाले, "चांगलं केलं सांगितलं. थंडी लय असंल तिकडे. जपून राहाजा." जांभळा किती होता हे त्यांनी विचारलं नाही. मृणालला हाक मारताना मला रडू आलं होतं, पाटी वाचायच्या आधी मीही फसले होते, हे मी सांगितलं नाही. गंमत तेवढी सांगितली.

जानेवारीत परत आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. सुमनताईंनी मला दारातच थांबवलं. "मॅडम, ह्या साली एकदाबी जिनात गेले नाईत. रंगाचा डबा उघडला नाई. निस्ते फोन लावून राह्यले. जेवन थंडं होते, औषध राह्यते. तुमीच सांगितलं ना त्याइले ते? मंग तुमीच काढा आता यातून." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं.

सर ओसरीवर खाटेवर बसले होते. मांडीवर जुनी डायरी, हातात सुमनताईंचा मोबाइल, स्पीकर चालू. मला हातानेच बसा म्हणून खुणावलं आणि फोनवर बोलत राहिले. "मी झाडे सर. हाव, ड्रॉइंगवाले. आठवीत तुमाले एक चित्र दाखवलं होतं मी, स्टाफरूममंधी बोलावून. कापसाच्या गंज्या म्हनून सांगितलं होतं. ते कापूस नाई. बर्फ आहे. माही चूक झाली. तेवढं दुरुस्त करून घेजो." पलीकडचा कुणी पुण्याच्या बँकेत साहेब झालेला विद्यार्थी होता. तो म्हणाला, सर, तब्येत कशी आहे, मी जरा मीटिंगमध्ये आहे. पुढचा फोन नागपूरच्या एका विद्यार्थिनीला. ती बाई गोड बोलली, "हो सर, आठवतं ना ते चित्र, कसं विसरणार!" सरांचा चेहरा उजळला. "आठवते? मंग सावली कोनच्या रंगाची होती?" ती "सावली... सावली..." करत राहिली. सरांनीच तिला सोडवलं, "असू दे, असू दे. पोरंबाळं बरी आहेत ना?" आणि डायरीतल्या तिच्या नावापुढे लहानशी फुली मारली.

"सर, कशाला हे? कुणाचं काय अडलंय?" मी म्हटलं.

"अडलं नाई. पन मी मास्तर आहे. सांगितलं तं होतं ना चुकीचं."

"तुम्ही काढलेल्या गंज्या तर कापसाच्याच आहेत. त्या खोट्या नाहीत. चला, जिनात जाऊ. माल आलाय म्हणे पुष्कळ."

त्यांनी डायरी मिटली. "चाळीस वर्सं मी त्याचा बर्फ पाहून कापूस काढला, मॅडम. गंजीसमोर बसलो का मले वाटे, हा बुडा पन इथंच बसला होता, हेच पाहत होता. आता तिथं गेलो तं मी एकटाच." मग बराच वेळ खोकला आला आणि सुमनताई पाणी घेऊन आल्या.

मी काही त्यांना यातून काढू शकले नाही. फेब्रुवारीभर आठवड्यातून दोनदा जात राहिले. जिनिंगचा हंगाम उतरणीला लागला. सर खाटेला खिळले, फोन मात्र पडल्या पडल्या चालू होते. बोलताना मधे थांबावं लागे, पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून ठेवून देई, मग ते पुन्हा लावत.

होळीच्या दोन दिवस आधी गेले तेव्हा मोबाइल खाटेखाली पडलेला होता आणि डायरी उशाशी.

"झाले का फोन?" मी विचारलं.

"झाले." दम घेत घेत ते म्हणाले, "कोनाच्याच ध्यानात नाई, मॅडम. बरोबर बी नाई अन् चुकीचं बी नाई. मीच घाबरून राह्यलो होतो, का एवढे पोट्टे चुकीचं घेऊन फिरत असतील." त्यांना हसायचं होतं, पण तेवढा श्वास नव्हता. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत असा कधी धरला नव्हता.

थोड्या वेळाने मान माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "तुमी पाह्यलं तवा, पाटी वाचाच्या आधी, काय वाटलं?"

"कापूस, सर."

"बरं वाटावं म्हनून नका सांगू."

"खरंच सांगते. मृणालला मी ओरडून बोलावलं. म्हटलं, हे बघ आपलं हिंगणघाट. लोक बघायला लागले माझ्याकडे. मला रडू आलं तिथे. तुम्हाला फोनवर हे सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं."

सरांनी उशाशी हात नेऊन डायरी चाचपली, पण ती उघडायची ताकद नव्हती, तशीच छातीवर ठेवली.

"म्हंजे तुमी एकट्या सापडल्या," ते म्हणाले. आणि श्वास गोळा करून, एकेक शब्द सुटा सुटा, वर्गात बोलत तसे बोलले. "मॅडम, ते कापूस नाई. बर्फ आहे. माही चूक झाली. दुरुस्त करून घेजा."

"हो सर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. पाचव्या दिवशी सर गेले. मी अजून ते दुरुस्त केलेलं नाही.